हलू नका, सायेब

भारताच्या आरमारातल्या एका बड्या सायबाचं रगत काडलेला आख्ख्या इंदापूर तालुक्यात एकच मानूस हाय, आन त्यो मी. दुश्मनाला जे कवा जमलं न्हाय, ते म्या एका वस्तऱ्यानं केलं. आज हसून सांगतोय. पर तीस वरसं ह्ये पोटात दाबून बसलो हुतो, बायकोलाबी कळू दिलं न्हाय.

माझं नाव सोपान. बापाचा धंदा त्योच माझा, लोकांच्या डोक्यात हात. शाळा चौथीपतोर. चौथीच्या गुरुजींची मी दाढी करायचो, म्हनून त्यांनी मला वर ढकलला. पाचवीच्या गुरुजींनी दाढी राखल्याली हुती. तितं माझी शाळा सपली.

मुंबईला गोदीजवळ मामाचं दुकान हुतं. त्यानं मला जहाजावर चिकटवला. लोकास्नी वाटतं आरमारात नुसत्या तोफा आन सैनिक. आरं बाबा, दोन-अडीचशे मानूस महिना-महिना पान्यात ऱ्हानार, त्यांची केसं काय मासं कापनार हायेत व्हय? मोठ्या जहाजावर एक न्हावी, एक धोबी, एक शिंपी बरूबर न्येत्यात. आमी आरमारातलं न्हवं, पर आरमाराबरूबर. आमाला कुनी सलाम करत न्हाय. पर आमच्याबिगर सलाम करायजोगं कुनी दिसतबी न्हाय.

तवर म्या बघितल्यालं सगळ्यात मोठं पानी म्हंजे उजनी धरनाचं. पयल्याच दिवशी बंदर सुटलं, जहाज डुलाय लागलं, आन माझ्या पोटातली भाकरी म्हनली, मी चालले माघारी इंदापूरला. कठडा धरून वाकलो. शेजारी आजून एकजन वाकल्याला. पांढराफेक गनवेश, खांद्यावर एक सोनेरी पट्टी, कवळं तोंड. दोघं आळीपाळीनं ओकतोय. मधीच त्यो म्हनला, "आयायाय गं, मेलो की!"

म्या मान वर केली. असं मराया फकस्त आपल्याकडच्यालाच येतं.

"सायेब, कुठलं तुमी?"

"निरवांगी."

"मी इंदापूरचा."

"आदी ओकून घे. मग बोलू."

ह्ये बापूसाहेब रासकर. म्हंजे आरमारानं सायेब करायच्या आदीच आईबापानं करून पाठवल्यालं.

तितनं पुढं अडतीस वरसांत त्या मानसानं काय काय केलं ते पेपरात आलंय. मला त्यातलं निम्मं कळत न्हाय. जहाजं चालवली, जहाजांचा ताफा चालवला, दिल्लीत टेबलं चालवली, राष्ट्रपतींच्या हातनं पदक घेतलं. मला त्यांची बढती डोक्यावरनं कळायची. एक पट्टी हुती तवा केसं अशी की कंगव्याचं दात मोडायचं. दोन पट्ट्या झाल्या, लगीन झालं, आन कानामागं पयला पांढरा केस घावला. उपटून हातावर ठेवला तर म्हनलं, "बायकोला दावू नको, तिला वाटंल तिच्यापायी झाला." तीन पट्ट्यांला कपाळ वर सरकलं. चार पट्ट्यांला टाळूवर उजेड पडला. आन आडमिरल झालं तवा फोन करून बातमी दिली, तर मी म्हनलं, "सायेब, आता कात्रीचं काम न्हाय ऱ्हायलं, नुसतं फडकं मारायचं." देशानं खांद्यावर जेवडं दिलं, तेवडं डोक्यावरनं काडून घेतलं बगा.

तर त्या रगताचं.

मधल्या काळात सायबांनी दाढी राखली हुती. काळीभोर, राजबिंडी. आरमारात दाढीलाबी कायदा हाय. ठेवायची तर कप्तानाला अर्ज, काडायची तरी कप्तानाला अर्ज. आलं मनात आन काडली, चालत न्हाय. सायेब तवा त्या जहाजावर दोन नंबरला हुतं, कप्तानाच्या खालोखाल. सौराष्ट्राच्या म्होरं समुद्र असा खवळल्याला की ताटातली डाळ शेजाऱ्याच्या ताटात जायची. आन दुसऱ्या दिवशी तपासनीला वरचं सायेब येनार.

"सोपान, दाढीची कड जरा कोरून दे."

"सायेब, लई डुलतंय. उद्या करू."

"तुला काय झालंय? तुझा हात भितीत ठोकल्यागत असतो."

कुनी कौतुक केलं की मला अक्कल ऱ्हात न्हाय. ह्यो रोग मला ल्हानपनापासनं हाय. म्या वस्तरा काडला. खुर्ची बोल्टनं खाली आवळल्याली. आरसा स्क्रूनं आवळल्याला. पान्याचा मग साखळीला. त्या जहाजावर सगळं काय ना काय बांदल्यालं हुतं, सुटा फकस्त न्हावी. हनुवटीखाली वस्तरा टेकवला आन म्हनलं, "हलू नका, सायेब."

सायेब हललं न्हाईत. हललो मी.

काळ्या दाढीतनं लाल धार पांढऱ्या गनवेशावर आली. मी फडकं दाबलं, तुरटी दाबली, देवाचं नाव घेतलं. आखरीला डाक्टर आला, त्यानं टाकं घालायला दाढी उतरवली आन तीन टाकं घातलं. म्हंजे एकाच दमात सायबाला जखमी केलं आन कायदाबी मोडला.

कप्तानानं सायबाला बोलावलं. मी वस्तऱ्या-कात्रीची धोकटी आवळून भाईर हुबा. म्हनलं, पुडच्या बंदराला उतरवत्यात आता. घरी छबू नवी नवरी, तिला मी सांगून आल्तो की मी देश राखतोय. देश राखनारा मानूस दोन महिन्यांत माघारी आला तर काय सांगायचं? देश सपला?

इंग्रजी मला येत न्हाय, पर चिडल्यालं इंग्रजी कळतं. कप्तान लई चिडल्याला. सायेब काय बोललं त्ये मागनं धोब्यानं मला सांगितलं. सायेब म्हनलं, शिडी उतरताना पाय घसरला, लोखंडी पायरी लागली. माझं नावबी काडलं न्हाय. कप्तान म्हनला, दोन नंबरचा अधिकारी शिडीवरनं पडतो? मग उद्या शिडी कशी उतरायची ह्याच्यावर आख्ख्या जहाजाला तूच भाषान दे.

दुसऱ्या दिवशी तोंडाला पट्टी, वरचं वठ तेवढं हालतंय, आन सायेब अडीचशे मानसांम्होरं बोबडं बोलतायत: एक हात कायम कठड्याला. मी पयल्या रांगंत. एवढं मन लावून मी चौथीतबी ऐकलं न्हवतं. आजबी देवळाच्या पायऱ्या उतरताना माझा एक हात कठडा हुडकतो.

मागनं म्या इचारलं, "सायेब, माझ्यापायी खोटं का बोललासा?"

"तुला उतरवला असता तर दुसऱ्या मुलखाचा न्हावी आला असता," सायेब म्हनलं. "मग मी 'आयायाय गं' कुनापशी म्हनायचं?"

सायबांनी परत दाढी राखली न्हाय. त्या जाग्याला केसच उगवंनात.

आता शान्या मानसानं ह्यातनं काय शिकावं? गप बसावं. मी गुडघं गेल्यावर इंदापूरला आलो, दुकान टाकलं, आन दोस्त महंमद पेंटरकडनं ह्यो मोठा बोर्ड रंगवून घेतला: 'आरमार सलून. हलत्या जहाजावर ज्याचा हात हलला नाही.' महंमदनं ब्रश बुडवायच्या आदी इचारलंबी हुतं, "तात्या, खरं का?" मी म्हनलं, "तू रंग लाव." बारा वरसं त्यो बोर्ड तितं हाय. बारामती, पणदऱ्यासनं पोरं दाढी कोरून घ्याय येत्यात. खुर्चीत बसल्याला परतेक मानूस हातात सापडल्याला असतो, कुटं जातोय? त्याला मी सायबांच्या गोष्टी सांगायचो, आन शेवटाला म्हनायचो, "येवड्या वरसांत थेंबभर रगत न्हाय काडलं कुनाचं." हात वाईच थांबवून म्हनायचो, म्हंजे त्याला पटावं.

गेल्या साली सायेब रिटायर झालं. गेल्या म्हयन्यात निरवांगीच्या शाळंच्या पटांगनात सत्कार झाला. मलाबी फेटा बांदून म्होरं बसवला, 'साहेबांचे जहाजावरील सहकारी' म्हनून. हेडगुरुजी बोलाय हुबं ऱ्हायलं. बोलता बोलता त्यांचं बोट सायबांच्या हनुवटीकडं गेलं.

"मित्रहो, तो व्रण पाहा! शत्रूच्या तोफगोळ्याची ती कपची! ज्या हातानं हा वार केला तो हात आज कुठं असेल?"

त्यो हात फेट्याखालचा घाम पुसत हुता.

सायेब हुबं ऱ्हायलं. खऱ्या मानसाचं कसं असतं बगा, म्हनलं, "गुरुजी, ही लढाईतली जखम नाही. जहाजावरचा किरकोळ अपघात आहे." आन माझ्याकडं बगून हनुवटी खाजवली. गुरुजींनी परत माईक वडला. "पाहिलंत? किती हा नम्रपणा!" टाळ्या थांबंनात. मीच सगळ्यात जोरात वाजवल्या. दुसरं काय करनार?

कार्यक्रम सपल्यावर सायेब जवळ आलं.

"सोपान, नातू झालाय. ऋषिराज. बिस्तरवारी नरसिंहपूरला जावळ काडायचंय. वस्तरा घेऊन ये."

"मी?"

"मग काय धोब्याला बोलवू?"

आता जावळ म्हंजे लेकराची जन्माची पयली केसं. देवापशी काडायची. टाळू वल्या पापडागत मऊ, आन लेकरू मामाच्या मांडीवर. त्या मांडीला बोल्ट न्हाय. माझं वय चौसष्ट. उजव्या हाताला बारीक कंप सुटलाय दोन वरसं. दुकानात मी त्यो हात गिऱ्हाईकाच्या खांद्यावर टेकवून लपवतो, लोकास्नी वाटतं मायेनं ठेवलाय. 'न्हाय' म्हनावं तर सायबाचा शबुद मोडतो. 'व्हय' म्हनावं तर सायबाच्या घरातली दुसरी पिढी माझ्या वस्तऱ्याखाली.

घरी आलो आन सत्काराचा नारळ फुडं घेऊन त्याच्यावर हात फिरवून बगत हुतो. छबू दारात आली.

"नारळाचं जावळ काडायलासा व्हय?"

"सराव करतोय."

"ज्याचा हात कवा हलला न्हाय त्याला सराव कशाला लागतोय?"

म्या नारळ देवापुडं न्हेऊन ठेवला.

बिस्तरवारी नरसिंहपूरच्या घाटावर गेलो. खाली निरा आन भिमा येका जागी आल्याल्या, वर देवळातली घंटा. सायेब झब्ब्यात. त्यांचा ल्योक अविराज पुण्याला कंपनीत असतो, त्यो आन त्याची बायको संजीवनी. बाळाचा मामा सुयोग चवड्यावर टॉवेल घेऊन तयार. छबूबी आलती, माझा हात कापतोय का मी कुनाला कापतोय ते बगायला.

संजीवनी लई टापटिपीची पोरगी. उकळल्यालं पानी थर्मासात, नवी ब्लेडं, कापूस, औषध, आन हातात बॅटरीवरचं केस कापायचं मशीन. मी धोकटी उलगडली तशी ती म्हनली, "काका, राग मानू नका हं. येताना तुमच्या दुकानाचा बोर्ड वाचला. एवढंच विचारते. तुम्ही खरंच कधी कुणाला कापलं नाही?"

सोपा सवाल. 'न्हाय' म्हनायचं आन कामाला लागायचं. बारा वरसं म्हनतोयच की. म्या सायबाकडं बगितलं. सायेब नदीकडं बगत हुतं, असं बगत हुतं जनू तितनं दुश्मनाची पानबुडी निगनार हाय. म्हंजे ह्यो मानूस आजबी माझ्यापायी खोटं पचवाय तयार.

मग म्या बाळाकडं बगितलं. त्ये माझ्या धोकटीची नाडी चावत हुतं. हनुवटी डिट्टो आज्याची. तशीच रुंद, मधी खळी. फकस्त कोरी. कसला वरखडाबी न्हाय.

"कापलंय," मी म्हनलं.

"काय?"

"एकदा कापलंय, पोरी. तुझ्या सासऱ्याला. ती हनुवटीवरची खून हाय न्हवं, ती माझी. तीन टाकं."

 मग अविराज तोंड उघडं टाकून बापाकडं वळला.

"बाबा? पण तुम्ही तर सांगितलं होतं, वादळात एक खलाशी वाहून चालला होता, त्याला धरताना लागलं! मी शाळेत निबंध लिहिलाय त्याच्यावर. पहिला नंबर आला होता!"

सायेब घसा खाकरलं. "मी शिडीवरून पडलो एवढंच म्हणालो होतो. वादळ तुझ्या आईनं घातलं. खलाशी तू घातलास."

"आणि शिडी?" संजीवनी म्हनली.

"शिडी माझी," सायेब म्हनलं. "तेवढंच खोटं माझ्या नावावर."

छबूला कायबी आश्चर्य वाटलं न्हाय. पदर सावरत म्हनली, "मला ठावं हुतं. तीस वरसं झोपंत वरडतोय ह्यो मानूस, 'हलू नका सायेब, हलू नका सायेब' म्हनून. मला वाटलं मुडदा पाडून आलाय कुनाचा. तीन टाकंच व्हय?"

म्या धोकटी गुंडाळाय घेतली. "पोरी, तू मशीनच चालव. माझा हातबी आता कापतोय. बग." आन हात म्होरं केला. दोन वरसांत पयल्यांदा कुनाच्या खांद्यावर न टेकवता धरला. चांगला हलला त्योबी, जनू परवानगीच पायजे हुती त्याला.

संजीवनीनं हाताकडं बगितलं, सासऱ्याच्या हनुवटीकडं बगितलं.  मशीन चालू केलं. घर्रर्र झालं आन ऋषिराजानं असा गळा काडला की देवळातला गुरव भाईर आला. मशीन बंद, पोरगं गप. मशीन चालू, पोरगं परत सुरू. चार डाव झालं. शेवटाला पोरगं निळं पडाय लागलं तवा तिनं मशीन पिशवीत टाकलं.

"काका, घ्या वस्तरा."

"पोरी, आत्ताच सांगितलं की..."

"सांगितलंत म्हणूनच घाबरून कराल. घाबरून केलेलं मला चालेल." आन बाळाचं डोळं पुसत म्हनली, "आणि इथं काही हलत नाहीये, एवढं लक्षात असू द्या."

सुयोगनं बाळ मांडीवर घेतलं. मी पानी लावलं. बाळ माझ्या मिशीकडं बगत बसलं. आदी पाच बटा कात्रीनं काडून संजीवनीच्या वटीत टाकल्या, मग वस्तरा. मनगाट डाव्या हाताच्या मुठीवर टेकवलं, जहाजावर टेकवायचो तसं. एक-एक बोट जागा घेतली. कपाळाकडनं माघारी, माघारनं मानंकडं. सायेब मागं हुबं ऱ्हाऊन बारीक आवाजात सांगाय लागलं, "डावीकडं... सावकाश... धर असंच," जनू जहाज बंदराला लावतायत. मी म्हनलं, "सायेब, तुमी गप बसा." आडमिरल गप बसलं. त्यांना असं बोलनारा आरमारात कुनी नसनार.

ऱ्हायला उजवा कान. कान अंगठ्यानं दुमडायचा आन मागनं वस्तरा वडायचा. तेवढ्यात घंटा वाजली. कुनी नवस फेडला आसंल, अशी वाजवली की पारवं उडालं. ऋषिराजानं फाडकन मान फिरवली.

रगत आलं. बाळाच्या खांद्यावर दोन थेंब, टॉवेलवर धार.

संजीवनी किंचाळली. अविराज धावला. म्या डोळं मिटून घेतलं, म्हनलं, झालं, दुसरी पिढीबी झाली.

"कुनाचं हाय?" सायबांचा आवाज आला. पांढऱ्या गनवेशातला आवाज.

डोळं उघडलं. बाळ हसत पारव्यांकडं बोट दावत हुतं. कान जाग्यावर, टकुरं गुळगुळीत, वरखडा न्हाय. वस्तरा माझ्या अंगठ्यात रुतल्याला. कान दुमडल्याला अंगठा मधी आल्ता.

"माझं हाय, सायेब."

सायबांनी खिशातनं रुमाल काडला आन सवता बांदला, घट, आरमारी गाठ मारून. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डाक्टरनं शिवलं. सायेब भाईर बाकड्यावर बसून हुतं.

"किती टाकं?"

"दोन."

"मला तीन घातलंस," सायेब म्हनलं. "आजून एक हाय तुझ्याकडं." आन मग आडतीस वरसं देशाची जहाजं चालवल्याला त्यो मानूस असा हसला, असा हसला, की दोन पेशंट घाबरून भाईर आलं.

दुसऱ्या दिवशी मी महंमदकडं गेलो. म्हनलं, बोर्डावरची वळ पुसून टाक.

"का तात्या?"

सगळं सांगितलं. त्यो रंगाच्या डब्यावर बसून हसला. मग म्हनला, "आख्खी वळ कशाला पुसता? चांगली जमलीय. वाईच नीट करू." शिडी लावली. एक हात कठड्याला न्हाय, म्हनून मी खालनं शिडी धरली. आता बोर्ड असा हाय: 'आरमार सलून. हलत्या जहाजावर ज्याचा हात एकदाच हलला.'

गिऱ्हाईक कमी व्हईल वाटलं हुतं. झालं न्हाय. उलट येत्यात आन बसायच्या आदी बोर्ड परत वाचत्यात.

परवा निरवांगीचं हेडगुरुजी आलं, दाढी कराय. खुर्चीत बसलं, म्या फेस लावला, अंगठ्याची पट्टी जपत वस्तरा हनुवटीखाली टेकवला. गुरुजी भाईर बोर्ड वाचूनच आल्तं.

"सोपानराव, एकदाच म्हणजे कधी हो? कुणाला?"

"सांगतो, गुरुजी," मी म्हनलं. "पर आदी हलू नका."